परदेशी नोकरीला लागण्याआधी सॅक पाठीला लावून आशिया : मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या जानेवारीत मी मुलुंडहून निघाले. थायलंड, लाओस, व्हिएतनाम असे आठ आठवडे फिरले, मार्चच्या मध्याला घरी परतले आणि एप्रिलमध्ये डब्लिनला नोकरीवर रुजू झाले. तेव्हापासून ओळखीतल्या आणि अनोळखी मुलामुलींचे, त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न येत राहिले. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. व्हिसाचे नियम मात्र सारखे बदलतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा स्वतः वाचा.

१. ऑफर लेटर आलं आहे, जॉइनिंगला तीन महिने आहेत. उद्याच निघू का?

नका निघू. आधी नोकरीचा व्हिसा पासपोर्टवर येऊ द्या. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर ते हे वाचा.

कारण साधं आहे. व्हिसाच्या अर्जासोबत बहुतेक वेळा पासपोर्टच द्यावा लागतो, आणि तो आत असेपर्यंत तुम्ही कुठेच जाऊ शकत नाही. काही देशांच्या केंद्रांवर जास्तीचे पैसे भरून पासपोर्ट जवळ ठेवता येतो, पण बोटांचे ठसे द्यायला तुम्हालाच हजर राहावं लागतं. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाचा अर्ज कामाच्या तारखेच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. भारतातून सहा महिन्यांहून जास्त मुदतीसाठी तिकडे जाणाऱ्यांना टीबीची तपासणी करावी लागते आणि तो दाखला सहा महिनेच चालतो. हे सगळं धरलं की तीन महिन्यांचे सहा-सात आठवडे उरतात. तेवढे पुष्कळ आहेत, पण ते शेवटचे सहा-सात आठवडे असतात, पहिले नव्हेत.

२. ऑफर तोंडी पक्की आहे, पत्र यायचं आहे. आत्ताची नोकरी सोडून फिरायला जाऊ?

पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका आणि तिकीटही काढू नका.

३. फिरून आल्यावर जॉइनिंगआधी घरी किती दिवस हवेत?

किमान पंधरा. मी अठरा ठेवले होते आणि अठराही पुरले नाहीत. दाताचं काम, चष्म्याचा जादा जोड, बँकेतल्या सह्या, सामान बांधणं, आत्या-मावश्यांकडची जेवणं यात दिवस जातातच. शिवाय तब्येतीचं एक कारण आहे. डेंग्यूचा डास चावल्यावर ताप यायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. तो ताप नव्या देशात, ओळखीचा डॉक्टर नसताना आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात येण्यापेक्षा घरी आलेला परवडला.

४. भारतीय पासपोर्टवर कुठे व्हिसा लागत नाही आणि कुठे लागतो?

नेपाळला व्हिसा लागत नाही. थायलंड २०२३ च्या नोव्हेंबरपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय येऊ देऊ लागला. आधी ३० दिवस मिळायचे, २०२४ च्या जुलैत ते ६० झाले. ते कमी करण्याचा विचार तिथे अधूनमधून डोकं वर काढतो, म्हणून आखणी ३० दिवसांच्या आतलीच करा. मलेशियाने ३० दिवसांची सूट ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर केली आहे. फिलिपिन्सने २०२५ च्या जूनपासून १४ दिवस दिले. थायलंड आणि मलेशिया या दोन्ही देशांना पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणारी साइट खोटी समजा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट खूप आहेत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना ते बघूनच पैसे भरा. लाओस आणि इंडोनेशियात पोहोचल्यावर व्हिसा मिळतो. इंडोनेशियाचा ५ लाख रुपियांना, ३० दिवसांचा, आणि तो एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतो. बालीत याखेरीज दीड लाख रुपियांचा पर्यटक कर आहे. सिंगापूरला मात्र आपल्याला व्हिसा आधी काढावा लागतो, तोही मान्यताप्राप्त एजंटामार्फत.

आणखी एक. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकीट आणि ई-व्हिसा दोन्हींवर ते जसंच्या तसं टाका. वडिलांचं नाव गाळलेल्या ई-व्हिसामुळे चेक-इनच्या रांगेत अडकलेली दोन मुलं मला माहीत आहेत.

५. सहा आठवड्यांत किती देश करावेत?

तीन. फार तर चार. एका मुलाने मला सहा आठवड्यांत नऊ देशांची यादी पाठवली होती. त्यात विमानतळांखेरीज काही दिसलं नसतं.

माझी वाट अशी होती. मुंबईहून बँकॉक, साडेचार तासांचं थेट विमान. तिथून रात्रीच्या गाडीने चिआंग माई. पुढे बसने चिआंग खोंग, पूल ओलांडून लाओसमधलं हुआय साय, आणि मग मेकाँगमधून दोन दिवस लाकडी होडीने लुआंग प्रबांग. रात्रीचा मुक्काम पाकबेंग गावात. त्या लांबलचक होडीत जुन्या मोटारींमधून काढलेल्या सीट नुसत्या ठेवलेल्या असतात, खाली जमिनीला पक्क्या केलेल्याही नसतात. पाणी दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचं. सकाळी इतका गारठा की मी पंचा कानांवर बांधून बसले होते. दोन दिवस रेंज नाही. नोकरीच्या कागदांनी डोक्यात जी गर्दी केली होती ती त्या होडीत निवळली. घाई असेल तर हा टप्पा टाळून दुसरं काही करा, पण जमलं तर होडीच घ्या.

लुआंग प्रबांगहून व्हिएन्टिअनला २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेली चिनी बांधणीची रेल्वे आहे, सुमारे दोन तासांत पोहोचवते. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. मी तो चार तुकड्यांत केला आणि परतीचं विमान दक्षिणेतून घेतलं. आल्या वाटेने परत फिरावं लागत नाही, यात पैसे आणि दिवस दोन्ही वाचतात.

अंगकोर वाट पाहायचं असेल तर विमानाने सिएम रीपला जा. थायलंड-कंबोडिया सीमा २०२५ च्या जूनमध्ये बंद झाली आणि जुलैत तिथे लढाई झाली, त्यामुळे जमिनीवरून जाण्याचा बेत करू नका. मंदिरांचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर आणि तीन दिवसांचा ६२. तीन दिवसांचाच घ्या.

६. कोणत्या महिन्यात कुठे जावं?

जॉइनिंग डेट आपल्या हातात नसते, म्हणून महिना धरून देश निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थायलंड आणि लाओस सुखाचे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत चिआंग माईच्या बाजूला शेतं आणि रानं जाळल्याचा धूर साठतो, दम्याच्या माणसाने तिकडे फिरकू नये. जून ते सप्टेंबर फुकेत-क्राबीच्या किनाऱ्यावर आपल्यासारखाच पाऊस असतो. तेव्हा बाली आणि जावा कोरडे असतात, एप्रिल ते ऑक्टोबर त्यांचा चांगला काळ. मध्य व्हिएतनाममधलं होइ आन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुरात सापडतं.

सणांच्या तारखाही पाहा. १० फेब्रुवारी २०२४ ला व्हिएतनामी नववर्ष तेत होतं आणि मी हनोईत होते. तीन दिवस दुकानं, खानावळी बहुतेक बंद, गाड्यांची तिकिटं संपलेली. सोबतच्या चिवड्यावर आणि हॉस्टेलच्या मावशींनी दिलेल्या बान चुंग या चिकट भाताच्या वड्यांवर दिवस काढले. बालीत न्येपीच्या दिवशी, मार्चच्या सुमारास, २४ तास विमानतळही बंद असतो.

७. खर्च किती येतो?

मला २०२४ मध्ये आठ आठवड्यांना विमानांसकट सुमारे १ लाख ७५ हजार रुपये लागले. झोपायला डॉर्म म्हणजे अनेक खाटांची सामायिक खोली, जेवायला रस्त्यावरच्या गाड्या आणि बाजार, लांबच्या प्रवासाला रात्रीच्या गाड्या असा हिशेब. लाओस आणि व्हिएतनाम स्वस्त, थायलंडची बेटं आणि बालीचा दक्षिण भाग महाग, सिंगापूरला सगळंच दुप्पट धरा.

मुख्य गोष्ट पुढे आहे. परदेशात पहिला पगार हातात येईपर्यंत महिना-दीड महिना जातो, आणि घर घेताना डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम भरावं लागतं. हे पैसे आधी वेगळ्या खात्यात बाजूला काढा. उरतील तेवढ्यातच फिरा. उरत नसतील तर तीन आठवडे फिरा, नाहीतर फक्त नेपाळ करा. सहलीसाठी कर्ज काढू नका.

८. पैसे कसे न्यावेत?

तीन ठिकाणी. एक फॉरेक्स कार्ड, दुसऱ्या बँकेचं एक डेबिट कार्ड आणि थोडे डॉलर रोख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रोख परकी नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, पण तेवढ्या लागत नाहीत. मी ४०० नेले होते. नोटा कोऱ्या घ्या. लाओस-कंबोडियाकडे घडीवर फाटलेली किंवा शाई लागलेली नोट परत करतात.

थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी दोनशे बातहून जास्त एटीएमचा आकार पडतो, म्हणून थोडे थोडे काढू नका. मशीन ‘रुपयांत हिशेब करू का’ असं विचारेल तेव्हा नाही म्हणा, तिथल्या चलनातच होऊ द्या. रुपयांतला त्यांचा दर नेहमी वाईट असतो.

व्हिएतनाममध्ये २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. अंधारात, टॅक्सीतून उतरताना दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या रात्रीच मी मोठी नोट देऊन उतरत होते, ड्रायव्हरकाकांनी हात धरून परत दिली. तेव्हापासून मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवत गेले. लाओसचे किप देशाबाहेर कुणी घेत नाही, सीमेआधी संपवा.

९. यूपीआय चालतं का?

नेपाळ, श्रीलंका आणि सिंगापुरात काही दुकानांत चालतं. त्याच्या भरवशावर जाऊ नका.

१०. सॅक केवढी आणि तीत काय?

४० लिटर पुरते. सह्याद्रीत भटकणाऱ्यांकडे ती असतेच, नवी घेऊ नका. राजगडला दोन दिवस जेवढं वजन तक्रार न करता नेता तेवढंच भरा. स्वस्त विमानांत केबिनचं वजन ७ किलोच असतं.

कपडे चार जोड, एक पातळ जाकीट, पावसाळी पोंचो, चपला आणि पायाला सरावलेले बूट. टॉवेलऐवजी पंचा न्या. रात्री पिळून टाकला की सकाळी वाळलेला असतो आणि घडी मुठीत मावते. मुलींनी एक मोठी सुती ओढणी जरूर न्यावी. देवळात खांदे-गुडघे झाकायला, गारठलेल्या बसमध्ये पांघरायला आणि डॉर्मच्या खालच्या बर्थला पडदा म्हणून मी ती रोज वापरली.

डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं, सोन्याची साखळी आणि नोकरीसाठी घेतलेला नवा लॅपटॉप घरीच राहू द्या.

११. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. उपाशी राहावं लागेल का?

नाही, पण शब्द शिकून जावे लागतील. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं की वरून मासा-मटण काढून देतात, रस्सा तसाच राहतो. अडचण सॉसची आहे. थायलंडचा नाम प्ला, व्हिएतनामचा न्योक मॅम, लाओसचा पादेक, सगळे माशांपासूनचे, आणि ते जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडतात.

थायलंडमध्ये ‘किन जे’ म्हणा. ‘जे’ म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि लसूण-कांदाही नाही. जैन घरातल्यांना हा शब्द फार उपयोगी पडतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ‘เจ’ (जे) हे इंग्रजी 17 या आकड्यासारखं दिसणारं चिन्ह असलेली गाडी दिसली की बिनधास्त बसा. दरवर्षी आपल्या नवरात्राच्या आसपास तिथे नऊ दिवस हेच जेवण जिकडेतिकडे मिळतं.

व्हिएतनाममध्ये शब्द आहे ‘चाय’, म्हणजे शाकाहारी. ‘कम चाय’ म्हणजे शाकाहारी भाताचं ताट. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, कितीतरी बौद्ध घरं शाकाहार पाळतात. त्या दिवशी अशा शाकाहारी खानावळी गर्दीने भरलेल्या असतात आणि पदार्थही जास्त असतात. ह्वे शहरात मी अशा एका ठिकाणी टोफू, केळफूल आणि लेमनग्रास घातलेलं ताट सलग तीन दिवस जेवले. इंडोनेशियात टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफू सगळीकडे मिळतात, फक्त चटणीत कोळंबीचा गोळा आहे का ते विचारा.

सोबत मेतकूट, शेंगदाण्याची सुकी चटणी आणि गरम पाण्यात होणारे पोहे न्या. किटली प्रत्येक हॉस्टेलमध्ये असते. साधा भात आणि मेतकूट एवढ्यावर माझे आजारपणाचे दोन दिवस निघाले. मासे खाणाऱ्यांना यातलं काहीच वाचायची गरज नाही.

१२. माझी मुलगी एकटी जाणार म्हणते. पाठवू का?

हा प्रश्न आयांकडून सर्वांत जास्त येतो, म्हणून काकू, तुम्हालाच उद्देशून लिहिते. मी एकटीच गेले होते. रात्री साडेदहाला हनोईच्या जुन्या भागात चालताना मला जेवढं निर्धास्त वाटलं तेवढं आपल्याकडच्या अनेक शहरांत वाटत नाही. तरी काही गोष्टी ठरवून पाळल्या, त्या मुलीकडून कबूल करून घ्या.

नव्या गावात उजेडात पोहोचायचं, आणि पहिल्या रात्रीची जागा आधीच ठरवलेली असायची. मुलींचा वेगळा डॉर्म घ्यायचा, दहा-पंधरा टक्के महाग पडला तरी. रात्री रस्त्यावरची टॅक्सी नाही, ग्रॅब या अ‍ॅपवरून गाडी मागवायची म्हणजे नंबर आणि वाट फोनमध्ये राहते. ओळख नसलेल्याने हातात दिलेलं पेय घ्यायचं नाही. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, तो पाठ असावा.

आमच्या घरात ठरलं होतं की भारतीय वेळेनुसार रात्री नऊला ‘पोहोचले, जेवले’ एवढा मेसेज यायचाच. होडीचे दोन दिवस मी आधी सांगून ठेवले होते. दर तासाला फोन करायचा नाही, हे आईनेही कबूल केलं होतं. ते तिला जड गेलं, पण तिने पाळलं. सहा महिन्यांनी तुमची मुलगी हजारो मैलांवर एकटीच राहणार आहे. त्याची सवय दोघींना होते.

१३. मुंबई विमानतळावर इमिग्रेशनला एवढी चौकशी का करतात?

बँकॉकला एकट्याने जाणाऱ्या तरुण मुलांना जास्त प्रश्न विचारतात, आणि त्याला सबळ कारण आहे. ‘थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी’ असं सांगून आपल्याकडच्या मुलांना बँकॉकला नेतात, तिथून सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीच्या बाजूच्या वस्त्यांत कोंडतात आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. २०२५ च्या मार्चमध्ये अशा शेकडो भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. समोरचा अधिकारी तुम्हाला त्रास द्यायला नाही, तर तुम्ही त्या जाळ्यात चालला नाही ना हे पाहायला विचारत असतो.

परतीचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, कार्डावरच्या शिलकीची प्रत आणि खऱ्या नोकरीचं ऑफर लेटर यांची छापील प्रत फाइलमध्ये ठेवा. विचारलं तर सरळ सांगा, अमुक तारखेला अमुक देशात रुजू व्हायचं आहे, मधल्या वेळात फिरायला चाललो आहे. पासपोर्टवर ईसीआरचा (काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा) शिक्का असेल आणि तुम्ही दहावी पास असाल तर तो आधीच काढून घ्या. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया हे तिन्ही देश ईसीआरच्या १८ देशांच्या यादीत आहेत.

प्रवासात कुणी ‘आठवडाभराचं सोपं काम आहे, सीमेजवळ’ असं म्हटलं तर त्याच क्षणी तिथून उठा.

१४. हॉस्टेलमध्ये काम करून फुकट राहता येतं म्हणतात. करावं का?

पर्यटक म्हणून गेल्यावर थायलंड आणि इंडोनेशियात पगार नसलेलं कामही बेकायदा ठरू शकतं. त्यातून देशाबाहेर काढलं तर त्याची नोंद पुढच्या व्हिसाला आडवी येते. तीनशे-चारशे रुपयांच्या खाटेसाठी वर्षांची मेहनत पणाला लावू नका.

१५. स्कूटर भाड्याने घ्यावी का? माझ्याकडे भारतीय लायसन्स आहे.

ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जे तुमचं आरटीओ असेल तिथून आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो, तो एक वर्ष चालतो. त्यावर दुचाकीचा वर्ग आहे ना ते पाहा. थायलंडमध्ये तो चालतो. व्हिएतनाममध्ये नाही. आपला परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातले परवाने मानतं. दुकानदार तरी स्कूटर देतो, पोलीसही कदाचित सोडतात, पण अपघात झाला तर विमा कंपनी पैसे देत नाही. मोडलेला पाय आणि पुढे ढकललेलं जॉइनिंग या दोन्हींचा खर्च तुमच्या अंगावर येतो.

उत्तर व्हिएतनाममधल्या ‘हा जांग’ भागातल्या डोंगरांचा तीन-चार दिवसांचा फेरा मी स्थानिक चालकाच्या मागे बसून केला. नजर दरीकडे ठेवता आली. हाच सल्ला सगळ्यांना देते.

१६. थायलंडमध्ये गांजा चालतो ना?

२०२२ च्या जूनमध्ये बंदी उठली होती. २०२५ च्या जूनपासून तो डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतो असा नियम झाला. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशियात अमली पदार्थांना फाशीपर्यंतच्या शिक्षा आहेत. कित्येक कंपन्या रुजू होताना तपासणी करतात आणि आखातात तर शरीरातला अंशही गुन्हा ठरतो. अजिबात हात लावू नका. व्हेपही नेऊ नका, थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडे बंदी आहे.

१७. विमा आणि लशी?

नव्या कंपनीचा विमा रुजू झाल्यापासून सुरू होतो, सहलीला लागू नाही. स्वतःचा प्रवास विमा घ्या, आणि त्यात दुचाकी, पोहणं, डोंगर यांचा समावेश आहे का हे बारीक अक्षरात वाचा. टायफॉइड आणि हेपटायटिस ए या लशींबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. बालीतल्या उबुदच्या माकडांना आणि कुठल्याही कुत्र्याला जवळ करू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मुंबईला परतेपर्यंत थांबू नका.

१८. बँकेचे ओटीपी तिकडे येतात का?

निघण्याआधी सिमचं रोमिंग चालू करून घ्या आणि सगळा प्रवास भरेल एवढा रिचार्ज मारा. नेटसाठी तिथलं ई-सिम घ्या, भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या. हा नंबर पुढे परदेशातही जिवंत ठेवावा लागतो.

१९. फिरत असताना कंपनीने कागद मागितले तर?

मागतातच. लुआंग प्रबांगमध्ये होते तेव्हा मला मेल आला, डिग्रीची नोटरी केलेली प्रत शुक्रवारपर्यंत हवी. त्या दिवशी मंगळवार होता आणि प्रमाणपत्रं मुलुंडच्या कपाटात. कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला होता : कोणती फाइल, कोणत्या कप्प्यात, कशाच्या किती झेरॉक्स. आईने फोनवर तो वाचला, स्टेशनजवळच्या नोटरीकडे गेली, स्कॅन करून बुधवारी पाठवलं.

असा कागद चिकटवून निघा. घरच्या एकाच्या नावे सही केलेलं अधिकारपत्र ठेवा. सगळ्याच्या स्कॅन प्रती ऑनलाइन ठेवा आणि दिवसाआड मेल पाहा. मंत्रालयातलं प्रमाणीकरण किंवा परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशासाठी कागद खरा असल्याचा शिक्का) लागणार असेल तर ते निघण्याआधीच करा. अमिरातीसाठी अपोस्टिल चालत नाही, त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि त्याला दिवस लागतात.

२०. एवढे देश फिरल्याने पोलिसांचे दाखले प्रत्येक देशातून आणावे लागतील का?

काही आठवड्यांच्या मुक्कामाला नाही. कॅनडा गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या देशांचा दाखला मागतो, ऑस्ट्रेलिया एकूण बारा महिन्यांचा हिशेब धरतो. भारतातला पोलिसांचा दाखला (पीसीसी) मात्र बहुधा लागतो. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, मुंबईत लोअर परळ, अंधेरी, मालाडला. हे काम जाण्याआधीचं.

व्हिसाच्या फॉर्मवर मागच्या दहा वर्षांतल्या प्रवासाच्या तारखा विचारतात, आणि हल्ली सगळीकडे शिक्का मारतातच असं नाही. प्रत्येक देशात शिरल्याची आणि निघाल्याची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. मला ते पान अजून लागतं.

२१. विमान चुकलं आणि मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिलो तर?

थायलंडमध्ये दिवसाला ५०० बात दंड, इंडोनेशियात दिवसाला १० लाख रुपिया. दंड भरून सुटता येतं, पण पुढच्या फॉर्मवर ‘कधी मुदत ओलांडली का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहावं लागतं, आणि तिथे खोटं लिहिणं त्याहून वाईट. मुदतीच्या तीन दिवस आधीच देश सोडा. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ आहेत. चुकीच्या ठिकाणी गेल्यामुळेही विमान चुकतं.

२२. नोकरीचा व्हिसा असलेला पासपोर्टच हरवला तर?

लगेच पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घेऊन भारतीय दूतावास गाठा. बँकॉकमध्ये तो सुखुमवितच्या सोइ २३ वर आहे. तिथे घाई असलेल्यांना इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. मग नवा पासपोर्ट आणि त्यावर पुन्हा व्हिसा. कंपनीला त्याच दिवशी कळवा, लपवू नका.

पासपोर्ट गहाण म्हणून कधीही ठेवू नका. व्हिएतनाममधल्या निन बिन्हमध्ये सायकलवाल्याने माझ्याकडे मागितला, मी त्याऐवजी ५० डॉलर ठेवले आणि संध्याकाळी परत घेतले. तो नाही म्हणाला असता तर मी चालत गेले असते.

२३. मुंबईला परत न येता तिकडूनच थेट नोकरीच्या देशात गेलं तर?

कायद्याची अडचण सहसा नसते. मला ते पसंत नाही. प्रश्न ३ मधली कारणं आहेतच, शिवाय गरम कपडे, मूळ कागद आणि दोन बॅगा मुंबईत असतात.

परतून मग जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आजीने बांधून दिलेले अनारसे दुबई किंवा सिंगापूरमार्गे नेऊ नका. खसखशीवर दोन्हीकडे बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. मसाल्याच्या डब्यातली खसखसही काढा. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर तुपातले लाडू फॉर्मवर जाहीर करावे लागतात.

२४. फिरण्याचे दिवस एनआरआय ठरण्यासाठी मोजतात का?

१ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात प्रत्यक्ष किती दिवस होतात ते मोजलं जातं. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीयांना त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते. सहलीसाठी गेलात, परत आलात, मग नोकरीला गेलात, अशा वेळी तारखांचा कागद घेऊन सीएकडे जा. प्रश्न २० मधलं वहीचं पान तिथेही लागेल.

२५. जॉइनिंग ऑक्टोबर २०२६ मध्ये आहे. गणपतीला घरी थांबू की त्याच दिवसांत फिरून घेऊ?

घरी थांबा. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ ला. नोकरीचा व्हिसा तोवर हातात आला असेल तर जुलैच्या मध्यापासून सहा-सात आठवडे बाली, जावा आणि मलेशिया करा, तेव्हा तिथलं हवामान चांगलं असतं, आणि ५ सप्टेंबरच्या आसपास परत या. पुढच्या वर्षी नव्या नोकरीत सप्टेंबरची रजा मिळेल याची खात्री नसते. माझा २०२४ चा गुढीपाडवा चार दिवसांनी हुकला. ९ एप्रिलला डब्लिनच्या भाड्याच्या खोलीत फोनवर आईने गुढी दाखवली, तांब्या जरा कलला होता आणि बाबा खुर्चीवर चढून तो सरळ करत होते.

परतीचं विमान मात्र २५ सप्टेंबरला उतरेल असं घेऊ नका. विसर्जनाच्या दिवशी सहारहून गिरगाव, लालबाग, दादरकडे यायला रस्ते मिळत नाहीत.